सीसी राहू दे, आधी उचलून बघा

प्रश्न : नमस्कार दादा, माझी उंची ५ फूट ५ इंच, दहा वर्षं रोडचीच बाईक चालवतोय. आता मातीच्या वाटांवर फिरायचंय, पण तिथवर डांबरी रस्त्यानेच जावं लागतं आणि रोजचं ऑफिसही त्याच गाडीवर होणार. मित्र म्हणतात थेट ६५० सीसीची घे, नंतर बदलायला नको. मला तर सीटची उंची बघूनच धडकी भरते. काय करू?

उत्तर : ६५० नको, निदान पहिली गाडी म्हणून तरी नकोच. डांबर आणि माती दोन्ही हवंय म्हणजे ड्युअल-स्पोर्ट, दोन्हीकडे चालणारी गाडी, घ्यायची हे तर ठरलंच. मातीतल्या शर्यतींसाठी बनवलेल्या एन्ड्युरो गाड्या कितीही आवडल्या तरी त्यांच्या नादी लागू नका, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं ऑइल किलोमीटरवर नाही तर तासांवर बदलतात, रोज ऑफिसला नेली तर ऑइल काढायला सारखा ड्रेन बोल्ट खोलत बसाल.

आता मुद्दा वजनाचा. होंडा सीआरएफ३००एल साधारण १४२ किलो, हिरो एक्सपल्स २०० ४व्ही १५८च्या आसपास, रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० म्हणजे १९६, आणि कावासाकीची नवी केएलआर६५० दोनशेच्या पुढे. रस्त्यावर हा फरक कळत पण नाही. मातीत गाडी पडते, सगळ्यांची पडते, आणि तेव्हा कळतो. माझी पहिली गाडी दोनशे किलोची होती, एका ओढ्याच्या चढावर एकटाच होतो आणि ती आडवी झाली, हँडल उताराच्या बाजूला, बुटाखालची खडी सरकतेय, टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतंय, हेल्मेटच्या काचेवर वाफ. वीस मिनिटं झटलो. शेवटी सगळं सामान सोडवलं, गाडीकडे पाठ करून कंबर सीटला टेकवली आणि पायांच्या जोरावर मागे रेटत रेटत उभी केली, त्यानंतर दोन दिवस हाताची मूठ वळत नव्हती.

म्हणून घ्यायच्या आधी मालकाला विचारून गवतावर गाडी हळूच आडवी करा आणि एकट्याने उचला. इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला. उजवीकडे आडवी केली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर उचलता उचलता पलीकडे पाडाल. लागोपाठ तीनदा उचलता आली तर ती गाडी तुमची. आणि सीसी कमी वाटत असेल तर, १९६८ची यामाहा डीटी-१, जिच्यामुळे ड्युअल-स्पोर्ट हा प्रकार घरोघरी पोचला, ती सुद्धा २५० सीसीचीच होती.

सीटचं म्हणाल तर आकड्याला घाबरू नका. सीआरएफची ८८० मिलिमीटर आहे, एक्सपल्सची ८२५, पण तुम्ही बसलात की सस्पेन्शन दबतं आणि सीट अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं काही नाही, थोडं एका बाजूला सरकून एका पायाचा चवडा नीट टेकला तरी चालतं, सवय होते. लगेच लोअरिंग लिंक, म्हणजे गाडी खाली बसवणारा सस्पेन्शनचा भाग, बसवू नका, त्याने ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, कमी होतो आणि आपण तर गाडी त्यासाठीच घेतोय ना. तुमच्या उंचीला मी एक्सपल्सपासून सुरुवात करा म्हणेन. पुढे २१, मागे १८ इंची चाक आहे, मातीत पकड घेणारे जाड गुठळ्यांचे नॉबी टायर या मापात भरपूर मिळतात. पैसे उरले तर आधी चांगले बूट घ्या, बाकीच्या ॲक्सेसरीज नंतर.

प्रश्न : मातीत मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंद करतात ते का?

उत्तर : सुट्ट्या मातीच्या उतारावर एबीएस ब्रेक पकडतो-सोडतो आणि गाडी थांबतच नाही असं वाटतं. चाक लॉक झालं की त्याच्यापुढे मातीचा ढीग साचतो, त्याने वेग मरतो. शिवाय मागचं चाक मुद्दाम घसरवून गाडी वळवता येते. पुढचा मात्र चालूच ठेवा, पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळच मिळत नाही. आणि डांबरावर परत आलात की मागचा आठवणीने चालू करा, बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद-चालू केली की तो आपोआप चालू होतो, तरी डॅशवरचा दिवा एकदा बघून घ्या.