पहिला टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) घेताना
सुटकेससारखे प्लेअर दिसायला गोजिरवाणे, पण त्यांच्या नादी लागू नका. त्यातली सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) रेकॉर्डवर बहुधा ५ ग्रॅमच्या आसपास भार टाकते. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजला २ ग्रॅम पुरतात. टोनआर्मच्या, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या, शेपटाकडे फिरवता येणारं वजन आहे का, सुई बदलता येते का, एवढं आधी बघा. ब्लूटूथ वगैरे नसलं तरी अडत नाही. जुना घेत असाल तर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची चकती) हाताने फिरवून कान लावा. घरघर ऐकू आली तर सरळ सोडून द्या. प्लॅटर फिरवणारा रबरी पट्टा ढिला असेल तर तो सहज बदलता येतो, उलट त्यावरून भाव पाडून घ्या! ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची खास जागा) नसेल तर प्रीॲम्पचे, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या पेटीचे, पैसे बाजूला ठेवा. मी विसरलो होतो, पहिल्या दिवशी नुसती डासाची गुणगुण.