वाचकांचे प्रश्न : ‘ची’ म्हणजे आपली सटवाई का?

प्रश्न : चिगोझी ओबिओमा यांची ‘अ‍ॅन ऑर्केस्ट्रा ऑफ मायनॉरिटीज’ (२०१९) वाचली. नायजेरियातल्या उमुआहियात कोंबड्या पाळणारा चिनोन्सो, श्रीमंताघरची न्दाली, आणि गोष्ट सांगणारा त्याचा ‘ची’, म्हणजे त्याचा रक्षक आत्मा. इग्बो लोकांचा हा ची म्हणजे आपला ललाटलेखच ना? मग चिनोन्सोचं वाटोळं आधीच ठरलेलं होतं. न्दालीच्या घरच्यांना दोष कशाला द्यायचा? – एक वाचक, सातारा

उत्तर : धाकट्या भावाच्या पाचवीला आजीनं पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती. सकाळी उठून मी तो कागद उलटसुलट करून बघितला. “तिचं अक्षर आपल्याला दिसत नाही गो,” आजी म्हणाली. सटवाई येते, लिहिते आणि निघून जाते. ची जात नाही. तो जन्मभर माणसाच्या सोबत असतो, मनात एखादा विचार घालतो. पण पाऊल कुठे टाकायचं ते माणूसच ठरवतो. ‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’ अशी इग्बो म्हण आहे : माणूस ‘हो’ म्हणाला की त्याचा चीही ‘हो’ म्हणतो. आधी माणूस, मग ची.

मी कोकणातली. कादंबरी वाचताना मला सटवाईपेक्षा देवळातलं गाऱ्हाणंच जास्त आठवत राहिलं. ‘एगबुनू’, ‘इजांगो-इजांगो’ अशा नावांनी ची चुक्वूला, म्हणजे सर्वोच्च देवाला, पुन्हा पुन्हा हाका मारतो आणि आपल्या माणसाची बाजू मांडतो. सगळं आधीच लिहिलेलं असतं, तर एवढ्या काकुळतीनं बोलायची त्याला गरजच काय होती?

आता दोषाचं. पुलावरून उडी टाकायला निघालेल्या न्दालीला थांबवायला चिनोन्सो आपल्या दोन कोंबड्या नदीत फेकतो, खाली पडणं म्हणजे काय ते तिला दिसावं म्हणून. ज्यांच्या जिवावर तो जगतो, त्याच कोंबड्या! आणि हाच माणूस तिच्या घरच्या समारंभाला पाहुणा म्हणून जातो, तेव्हा त्याला गाड्या लावून घ्यायच्या कामाला जुंपतात. ते प्रकरण मी एका बैठकीत वाचू शकले नाही. ती औषधनिर्माणशास्त्र शिकणारी, याच्याकडे पदवी नाही. ती मिळवायला तो घर आणि कोंबड्या विकतो, उत्तर सायप्रसला जातो आणि शाळेतल्या मित्रानंच आपल्याला फसवल्याचं त्याला तिथे कळतं. यातलं काय चीनं लिहिलं? फाटकापाशी त्याला उभं केलं ते माणसांनी, आणि ‘तू आमच्या बरोबरीचा नाहीस’ हे त्याच्या मनात रुजवलं तेही माणसांनीच. घारीनं पिल्लू उचललं की मागे उरलेल्या कोंबड्या एकसुरात आक्रोश करतात. कादंबरीचं नाव त्यावरूनच आलंय. तो आक्रोश नशिबाविरुद्ध नाही, घारीविरुद्ध आहे.

पण शेवटी न्दालीचं जे होतं, ते चिनोन्सोच्या हातून. ‘त्यानं जाणूनबुजून केलं नाही,’ असं ची विनवतो. तिथे मात्र मी त्याच्या बाजूनं उभी राहू शकत नाही. फसवलं गेल्यानंतरचा राग त्यानं स्वतः जोपासला होता आणि आगीची काडीही त्यानंच ओढली. पुन्हा वाचाल तेव्हा शेवटची पानं न्दालीच्या चीच्या जागी बसून वाचा, आणि तिचं गाऱ्हाणं कसं वाटलं ते मला लिहा.