विचारा, सांगते : मांत्रिकाची हद्द

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले, की मला शहरी फँटसी (आजच्या शहरात घडणारी जादूची गोष्ट) आवडते, आणि त्यातही जादूगारांवर पहारा ठेवणारा जादूगार असेल तर पुस्तक हातातून सुटत नाही. निवृत्त कोर्ट-लघुलेखिकेला हे शोभतं का, असं दोघांनी विचारलं. त्यांना उत्तर देत नाही. बाकीच्या पत्रांतली चार घेते.

प्रश्न : ताई, मी पहिली कादंबरी लिहितोय. नायक मांत्रिक आहे आणि शहरात लपून राहणाऱ्या मांत्रिक, पिशाच्च, यक्ष वगैरे मंडळींचा तो पोलीस आहे. समोरचा खोटं बोलला की कळतं, असा एक मंत्र त्याच्याकडे आहे. तीन मित्रांना शंभर पानं वाचायला दिली. तिघांनीही चाळिसाव्या पानाच्या आसपास सोडली. जादू कमी पडतेय का? आणखी घालू?

उत्तर : नका घालू. आहे तीच काढून घ्या.

चाळिसाव्या पानावर काय असेल ते न वाचताही सांगते. खून झालाय, चार संशयित बसलेत, नायक मंत्र म्हणतो आणि प्रत्येकाला विचारतो, ‘तू केलंस का?’ चौघांतला एक ‘नाही’ म्हणतो आणि मंत्राला कळतं. संपलं. मित्रांनी पुढे कशासाठी वाचायचं? हे तुमच्याही लक्षात आलं असणार, म्हणून खुन्याला तुम्ही नायकाहून मोठा मंत्र दिला असेल, आणि मग नायकाला त्याहून मोठा. ही चढाओढ लिहिणाऱ्याला फार रंगते.

अडचण जुनी आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम छापले. त्यातला दुसराच असा, की अलौकिक शक्तींना कथेत थारा नाही. (तिसरा नियम म्हणजे चोरवाट एकापेक्षा जास्त नको. माणूस मोजून-मापून उदार होता.) त्याचं म्हणणं रास्त होतं. वाचक लेखकाबरोबर कोडं सोडवायला बसतो, आणि लेखकाने ऐनवेळी खिशातून भूत काढलं तर तो डाव उधळून उठतो. पण नॉक्सने भूत सरसकट बाहेर ठेवलं. ते पहिल्या पानापासून टेबलावर ठेवलं, त्याला काय येतं आणि काय येत नाही हे आधीच सांगून टाकलं, तर डाव चालतो. रँडल गॅरेटने १९६४पासून लिहिलेल्या लॉर्ड डार्सीच्या कथांत हेच केलं. तिथे जादू म्हणजे परवाना काढून करायचं शास्त्र. गंमत अशी की तपास करणाऱ्या डार्सीला जादू येतच नाही. त्याच्या सोबतचा जादूगार प्रयोगशाळेसारखा अहवाल देतो, आणि अहवालाचा अर्थ लावायचं काम डार्सीच्या डोक्याला उरतं.

आता तुमचा मंत्र. मी २९ वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या. ठरवून खोटं बोलणारे भेटले, नाही असं नाही. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त भेटले ते प्रामाणिकपणे चुकीचं सांगणारे. एक बाई आठवतात. पळून जाणाऱ्या माणसाचा शर्ट हिरवा होता, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मुद्देमालातला शर्ट निळा निघाला. बचावाच्या वकिलांनी त्यांना असं सोलून काढलं की त्या पिंजऱ्यातच रडल्या. मग कोणीतरी विचारलं, त्या कोपऱ्यावर दिवा कसला होता? जुन्या प्रकारचा, कमी दाबाचा सोडियमचा दिवा निघाला. त्याचा प्रकाश जवळपास एकाच रंगाचा असतो, पिवळा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. त्याच्याखाली हिरवा काय आणि निळा काय, दोन्ही काळपट. बाईंच्या मनाने रिकाम्या जागेत हिरवा भरला होता आणि त्यांना तो खरोखर आठवत होता. तुमच्या नायकाने त्यांच्यावर मंत्र चालवला असता तर निकाल आला असता : बाई खरं बोलतायत.

तेव्हा मंत्राला खोटं कळू द्या, चूक कळू देऊ नका. एवढ्या एका बदलाने तुमचे चारही संशयित पुन्हा संशयित होतील. शिवाय नायकाला गुडघे टेकून जमीन बघावी लागेल, दिवा कुठला होता हे विचारत फिरावं लागेल. पोलीस म्हणून तो मला तिथे भेटेल.

दुसरी गोष्ट हद्दीची. प्रेत पुलाच्या मधोमध सापडलं, तर दोन ठाण्यांचे हवालदार आधी पूल मोजतात आणि मग प्रेताकडे बघतात. तुमच्या शहरात यक्षाने माणूस मारला तर गुन्हा कोण नोंदवणार? माणसाने यक्ष मारला तर तो खून धरायचा की नाही? शापित अंगठी पंचनामा करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवली, पण लाखेचं सील लावणाऱ्या कारकुनाचं काय झालं? अहो, माझ्यासारखीला तर त्या कारकुनावरच एक प्रकरण हवं! बेन एरोनोविचच्या २०११च्या लंडनमधल्या कादंबरीची सुरुवात मला याच कारणाने आवडते. एक साधा शिपाई खुनाच्या जागी पहारा देत उभा असतो, साक्षीदार पुढे येतो आणि तो निघतो भूत. शिपाई वही काढतो आणि जबाब घ्यायला लागतो. पळत नाही, मंत्र म्हणत नाही. जबाबाखाली सही कोण करणार, हा प्रश्न मला त्यापुढे दोन दिवस पुरला.

आणि तुमच्या नायकाला नेमलं कोणी, हे कुठेतरी सांगा. सर्गेई लुक्यानेन्कोच्या १९९८च्या रशियन कादंबरीत मॉस्कोत दोन पहारे आहेत. प्रकाशाच्या बाजूचे रात्री अंधारवाल्यांवर नजर ठेवतात, अंधारवाले दिवसा प्रकाशवाल्यांवर. दोघांत करार आहे. एका बाजूने जादूने कोणाचं भलं केलं, की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच ताकदीचं वाईट करायची मुभा मिळते. म्हणजे नायकाला रस्त्यात दुखणाईत माणूस दिसला तरी त्याला बरं करण्याआधी हिशेब करावा लागतो. तुमच्या नायकाचा हात असा कोण धरतं? शंभर पानांत कोणीच धरत नसेल तर मित्रांना दोष देऊ नका.

प्रश्न : आजी, मी दहावीत आहे. अर्बन फँटसी म्हणजे मोबाइल असलेली फँटसी का?

उत्तर : बाळ, जवळपास हो. फक्त मोबाइल नुसता खिशात असून भागत नाही. आत्ताच ज्या लंडनच्या कादंबरीचं बोलले, तिच्यात जादू केली की जवळच्या मोबाइलमधली चिप भुकटी होऊन जाते. म्हणून नायकाला मंत्र म्हणण्याआधी फोन बंद करायची आठवण ठेवावी लागते. जादू आणि शहर एकमेकांच्या पायात असे आले पाहिजेत. हातातल्या पुस्तकातलं शहर काढून तिथे जंगल ठेवून बघ. गोष्टीला काही फरक पडला नाही, तर ती अर्बन नव्हे. आणि परीक्षा झाल्यावर वाच.

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. सध्याची कादंबरी पोलिसांच्या एका गुप्त खात्याची आहे, आणि तिच्यात ‘मेज’ (mage, जादू जाणणारा) हा शब्द पानोपानी आहे. तसाच ठेवला तर वाचकाला टेबल दिसतं. जादूगार लिहिलं तर टोपी आणि ससा. काय करू?

उत्तर : टेबलाला मी मोठ्याने हसले. पण शब्दाचं घराणं मोठं आहे. जुन्या फारसीतला ‘मगुश’, म्हणजे इराणी पुरोहित, ग्रीकमध्ये ‘मागोस’ झाला, लॅटिनमध्ये ‘मागुस’, आणि इंग्रजीत येईपर्यंत तुमचं मेज. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून भेटायला आलेले ज्ञानी लोक ते हेच. तेव्हा या शब्दात हातचलाखी नाही, विद्या आहे. आपला ‘जादू’ शब्दही फारसीच, पण मराठीत तो रंगमंचावर चढला आणि तिथेच राहिला. ‘चेटक्या’मध्ये शिवी आहे. ‘मायावी’ म्हटलं की राक्षस उभा राहतो. उरला ‘मांत्रिक’. त्याला भोंदूपणाचा वास लागलाय हे मान्य, पण मंत्र शिकावा लागतो, त्यात चुका होतात, गुरू लागतो, आणि हे सगळं त्या शब्दात आहे. शिवाय तुमचा नायक अशाच भोंदूंना पकडत असेल, तर तो वास कामी येईल. पहिल्या दहा पानांत वाचक कुरकुरेल, पुढे विसरेल. मी मांत्रिकच लिहिते.

तुम्ही पोलिसांच्या त्या गुप्त खात्याचं नाव विचारलं नाहीत, तरी सुचवते. ‘विधी विभाग’ ठेवा. विधी म्हणजे कायदा, विधिज्ञ म्हणजे वकील, आणि विधी म्हणजे मंत्र म्हणत करायचं ते सगळंही. दारावर पाटी उघड लावली तरी कोणाला संशय येणार नाही. इंग्रजीतल्या लेखकाला हे जमणार नाही, म्हणून मला जरा जास्तच आनंद होतोय.

प्रश्न : तुम्ही या कादंबऱ्यांचं कौतुक करता. त्यांतला मांत्रिक पोलीस न विचारता घरात घुसतो, स्वतःच दोषी ठरवतो आणि तिथल्या तिथे शिक्षा देतो. वकील नाही, अपील नाही. कोर्टात आयुष्य गेलेल्या बाईला हे खपतं कसं?

उत्तर : पकडलंत. बचावाचा प्रयत्न करते.

लेखकाची पंचाईत अशी, की जादू खरी असलेल्या जगासाठी त्याला कायदा सापडत नाही. ब्रिटनचंच बघा. १७३५च्या चेटूक कायद्याने चेटकीण असणं हा गुन्हाच काढून टाकला. गुन्हा ठरला तो अशी शक्ती असल्याचा आव आणणं. या कायद्याखाली १९४४मध्ये हेलन डंकन या, मृतांशी बोलणं करून देते म्हणणाऱ्या माध्यमबाईंना नऊ महिन्यांची कैद झाली. १९५१मध्ये तो रद्द होऊन त्या जागी अशा फसव्या माध्यमांविरुद्धचा कायदा आला, आणि २००८मध्ये तोही गेला. आता खऱ्या मांत्रिकाला अशा कायद्यापुढे उभा करा. ‘मी आव आणत नाही, मला खरंच येतं,’ असं म्हणून त्याने कोर्टातच दिवा पेटवला तर तो सुटणार! म्हणून लेखक मांत्रिकांची वेगळी पंचायत काढतात, तिचे वेगळे नियम करतात, आणि कंटाळा आला की अपिलाचं कलम गाळून नायकाच्या हातात तलवार देतात. तो कंटाळा मला दिसतो, आणि तुमचा आक्षेप तिथे शंभर टक्के बरोबर आहे.

तुमचं पत्र आल्यावर माझी एक आवडती कादंबरी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायला बसले. नायक वॉरंटशिवाय कुठे घुसला की समासात फुली मारायची, असं ठरवलं होतं. निम्म्या पुस्तकात अकरा फुल्या झाल्या. मग पेन्सिल कुठे ठेवली ते आठवेना, आणि शोधायला उठवेना, कारण खून कोणी केला ते मी विसरले होते.