ऑफिसात आजार सांगायचा का, आणि सांगायचा तर कोणाला?

नोकरी करणारे आणि कायमचा आजार सोबत असणारे बरेच जण मला हे विचारतात, शब्द वेगळे पण भीती तीच, सांगितलं तर लोक बिचारी म्हणतील नाहीतर कामचुकार म्हणतील, आणि नाही सांगितलं तर किती दिवस लपवणार. एका ताईंचा अनुभव सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

त्यांना रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा आणि आखडवणारा संधिवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की तास-दीड तास माऊससुद्धा धड धरता येत नाही, आणि दुपारी त्याच ताई भराभर टाइप करतात, मग बघणाऱ्याला वाटतंच ना की सकाळचं दुखणं गेलं कुठे? या आजारात असंच होतं, हे घरच्यांनासुद्धा पटवावं लागतं. त्यात या आजारावरची मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, दुसऱ्या दिवशी मळमळ आणि प्रचंड थकवा, आणि नेमकी त्याच दिवशी टीमची मोठी मीटिंग. "माझं काम दुसऱ्यांच्या गळ्यात पडतं मॅडम, मला कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही," असं म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

मी म्हटलं, सगळ्या ऑफिसला नका सांगू, ज्याच्यावर भरवसा आहे अशा एकाला सांगा. रिपोर्ट, औषधांची नावं यातलं काही नको, काय होतं, कधी होतं आणि तेव्हा मला तुमच्याकडून काय हवंय, बास. समुपदेशनाच्या सेशनमध्ये आम्ही ते बोलून बघितलं, पहिल्यांदा त्यांनी प्रत्येक वाक्यात सॉरी म्हटलं, ते सगळे सॉरी काढायलाच वेळ लागला.

शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं तर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मला टाइप वन डायबिटीस आहे, इन्सुलिन मी वॉशरूममध्ये जाऊन घेतो, इथं कोणालाच माहीत नाही. इतकी वर्षं शेजारी-शेजारी बसून दोघंही लपवत होते, मला तर हे ऐकून फार वाईट वाटलं.

मग त्यांनी आपसांत ठरवलं. सकाळचं टायपिंग तो करणार, फोन ताई घेणार. इन्सुलिनमुळे शुगर फार खाली गेली की होतं तसं त्याला घाम सुटला, हात थरथरले किंवा तो उगाच चिडचिड करायला लागला तर ताई शुगर तपासायला सांगणार, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटांनी परत तपासायचं. आणि तो बेशुद्ध झालाच तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट अँब्युलन्स. हे शेवटचं मी त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा साखरच भरवायला जातो.

पण थोड्या दिवसांनी वेगळंच सुरू झालं. तो दर तासाला "कसं वाटतंय?" विचारायचा, ताई त्याच्या डब्यात डोकावायच्या, आणि दोघंही वैतागले. काळजीनेच होतं ते, पण आपला सहकारी आपला डॉक्टर झाला की जीव नकोसा होतो. म्हणून ठरलं की विचारायचं सकाळी एकदाच, खाण्यावर बोलायचं नाही, आणि औषध बंद कर किंवा हे घेऊन बघ असलं काही सुचवायचं नाही.

माझं अजून एक म्हणणं होतं. मित्र सांभाळून घेतोय म्हणून ऑफिसला काही मागायचंच नाही हे बरोबर नाही, तो रजेवर गेला किंवा त्याचीच तब्येत बिघडली तर काय? ताईंना हे पटायला वेळ लागला, पण डॉक्टरांचं पत्र घेऊन त्या मॅनेजरकडे गेल्या आणि मीटिंगचा दिवस बदलून घेतला. त्यानंतर सहकाऱ्यानेही इन्सुलिन घेण्यासाठी बंद खोली मागितली, ती मिळाली, आणि शुगर कमी झाली तर काय करायचं हे आता टीममधल्या तिसऱ्या एकीलाही माहीत आहे.