नाशिकमध्ये बसून परदेशी कंपनीचं रिमोट काम कसं मिळवायचं?

मी नाशिकहून एका जर्मन कंपनीचं काम करतो, त्यावरून सांगतो. जाहिरातीत रिमोट लिहिलंय म्हणजे भारतातून चालतं असं नसतं हो, खाली बारीक अक्षरात 'फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी' असतं, ते न वाचता मी पहिले दोन महिने अर्ज फुकट घालवले. 'वर्ल्डवाइड' असेल तिथेच जोर लावा. वी वर्क रिमोटली ही रिमोट नोकऱ्यांची वेबसाइट बघा, आणि हॅकर न्यूज या टेकवाल्यांच्या चर्चेच्या साइटवर दर महिन्याच्या सुरुवातीला 'हू इज हायरिंग' नावाची पोस्ट येते, तिथे थेट कंपनीवालेच लिहितात.

वेळेचा हिशोब आधी करा. जर्मनीचे सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे १२:३०, हिवाळ्यात १:३०, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते. कॅलिफोर्नियाचे ९ म्हणजे आपले रात्रीचे ९:३० किंवा १०:३०, घरात लहान मूल असेल तर विचार करा बुवा.

बहुतेक कंपन्या कॉन्ट्रॅक्टर म्हणूनच घेतात, पगारी नोकर म्हणून नाही, म्हणजे पीएफ नाही, पगारी सुट्टी नाही, टॅक्स आपला आपण भरायचा. म्हणून रेट सांगताना इथल्या वर्षाच्या पगाराला नुसतं बाराने भागू नका, वर काहीतरी धरा. वर्षाला २० लाखांच्या वर गेलात की जीएसटी नोंदणी लागते, पण परदेशी कंपनीचं काम म्हणजे एक्सपोर्ट, ते झिरो रेटेड (म्हणजे जीएसटीचा दर शून्य) असल्याने एलयूटी हे हमीपत्र भरलं की जीएसटी लागत नाही. सीए गाठाच. आणि कुणी लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं तर सरळ ब्लॉक करा, मला एकाने मागितलं होतं, ऑफर लेटर एकदम झकास होतं त्याचं.