एगची (स्त्रीबीजाची) क्वालिटी एगला धक्का न लावता तपासता येते का? सांगलीत आयव्हीएफ चालू आहे, एएमएच झालंय

अंदाज बांधता येतो, पण एएमएचनं नाही. एएमएच ही रक्ततपासणी, त्यात एगचा साठा साधारण किती शिल्लक आहे एवढंच कळतं, क्वालिटी कळत नाही, सांगली-मिरजेत बरेच जण तो रिपोर्ट हातात घेऊन उगाच टेन्शन घेत बसतात.

आता काही ठिकाणी मॅच्युअर एगचा मायक्रोस्कोपखाली फोटो काढून एआयकडून स्कोअर घेतात, की याचा पाचव्या-सहाव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट (तोवर वाढलेला भ्रूण) होण्याचे चान्सेस किती. एग फ्रीझ करणाऱ्यांना हे जास्त कामाचं, कारण तिथं बघायला भ्रूण नसतोच. शिवाय इक्सीच्या (एगमध्ये सुईनं एक शुक्राणू सोडतात ती पद्धत) आधी एगभोवतीच्या क्युम्युलस पेशी काढाव्याच लागतात, एरवी त्या टाकूनच देतात, त्यांच्यातली जीन्स तपासून एगचा अंदाज बांधायचा, आयडिया भारी आहे पण अजून बरंचसं संशोधनातच अडकलंय.

पण स्कोअरनं एग सुधारत नाही ओ, अजून एक सायकल करायची का वगैरे ठरवायला मदत होते इतकंच. आणि पस्तिशीनंतर मेन घोळ क्रोमोसोमचा असतो, तो फोटोत खात्रीनं पकडता येत नाही. त्यामुळं जादा पैसे मागितले तर आधी विचारा, या रिपोर्टनं ट्रीटमेंटमध्ये नेमकं काय बदलणार? नुसतं "माहिती मिळेल" म्हणाले तर राहू द्या.