बाबेसिया पेशीत घुसला की नुसता चिकटला?

बाबेसिया बोव्हिस या गायीच्या रक्तातल्या परजीवीवर काम सुरू करतेयस ना, मग आधी हे ठरव की मेरोझोइट (परजीवीचं पेशीत शिरणारं रूप) तांबड्या पेशीत खरंच घुसलाय की बाहेर चिकटलाय, कारण गिम्सा रंग दिलेल्या स्लाइडवर हा फरक पटकन कळत नाही आणि शिरकावाचा आकडा उगाच फुगतो. माझं ऐकशील तर दोन रंगांचं फ्लुओरेसन्स कर, पेशी न फोडता मेरोझोइटला चिकटणारी एका रंगाची अँटिबॉडी, मग डिटर्जंटने पेशीचं आवरण उघडून दुसऱ्या रंगाची, दोन्ही रंग दिसले तर तो बाहेरचाच. डीएनएला चिकटणारा सायबर ग्रीन रंग लावून फ्लो सायटोमेट्री (यंत्राने एकेक पेशी मोजणं) झटपट होते, गायीच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं ना, म्हणून परजीवीचाच डीएनए चमकतो, पण चिकटलेलेही मोजले जातात, आणि पांढऱ्या पेशींना केंद्रक असतं म्हणून त्या आधी काढच. रक्त हेपरिनमध्ये (रक्त गोठू न देणारं औषध) मुळीच घेऊ नकोस, ते शिरकावच अडवतं! डिफिब्रिनेटेड (फायब्रिन काढलेलं) घे, हेपरिन फक्त शिरकाव अडवलेल्या कंट्रोलला, म्हणजे तुलनेच्या नमुन्याला, वापर.